गिअर, नग सहा

धुळे, आग्रा रोड
२ नोव्हेंबर १९६८

आदरणीय बाई यांस,

राजकुंवरचा साष्टांग नमस्कार. दिवाळीत जळगावला माहेरी आले होते, पण तुमच्याकडे यायचं राहून गेलं. आमच्या वडिलांनी, म्हणजे माणकचंदजींनी, दोनदा आठवण केली होती. तेव्हा रागावायचं असेल तर फक्त माझ्यावर रागवा.

इथे सगळं ठीक आहे. लग्नाला आता दोन वर्षं होतील. माझे सासरे केवलचंदजी यांचं मोटारच्या सुट्या भागांचं दुकान घराच्या पुढच्या भागातच आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी इंग्रजी पत्र आलं की ते वाचून घ्यायला वकिलांकडे जात. आता मी वाचते. वाचते म्हणजे आतल्या खोलीत दाराआड बसते. आमच्यात सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. मी मराठीत अर्थ सासूबाईंना सांगते, सासूबाई तो मारवाडीत बापूजींना, म्हणजे सासऱ्यांना, सांगतात, मग बापूजींचा प्रश्न त्याच वाटेनं आत येतो. सासूबाईंचं, तारादेवींचं, लक्ष चुलीवर असलं तर मधले दोन शब्द गळतात. तरीही काम चालतं, आणि बापूजी एकदा गिऱ्हाइकाला म्हणाले की आमच्या घरात इंग्रजी आहे. ते मी दाराआडून ऐकलं आणि दिवसभर फार छान वाटलं.

एक बारीकशी शंका आहे. गिअर म्हणजे दातेरी चाकच ना? दुकानात तर त्याचे डबेच्या डबे भरलेले आहेत. पण एका पत्रात तो शब्द आला आहे आणि मला खात्री करून घ्यावीशी वाटली. घरचा शब्दकोश खिशातला आहे, त्यात तो शब्द नाही.

आपली विद्यार्थिनी,
राजकुंवर

•

जळगाव
५ नोव्हेंबर १९६८

चि. राजकुंवर हिस अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. मात्र पाकिटावर माझा पत्ता इंग्रजीत लिहिताना 'रिटायर्ड'मध्ये एक अक्षर जास्त घातलंस, ते लाल शाईनं दुरुस्त करून ठेवलं आहे.

गिअर म्हणजे दातेरी चक्र. एकाचे दात दुसऱ्यात अडकून गती पुढे जाते. मोटारीत असतं, पिठाच्या गिरणीत असतं, घड्याळात असतं. यात शंका घेण्यासारखं काही नाही. एवढा साधा शब्द विचारायला तुला पत्र लिहावं लागलं याचं नवल वाटलं, पण त्या निमित्तानं पत्र आलं हे बरं झालं.

माझं उत्तम चाललं आहे. निवृत्त झाल्यापासून गुडघा तेवढा कुरकुरतो. शेजारचे सुकदेवभाऊ रेल्वेत गार्ड आहेत, भुसावळहून येताना मला भाजी आणून देतात आणि त्याबद्दल मी त्यांच्या मुलीचं इंग्रजी बघते. मुलगी हुशार आहे, पण तुझ्याएवढी नाही.

पुढच्या शिक्षणाचं घरात बोललीस का? बाहेरून परीक्षेला बसता येतं, हे मी तुला लग्नाआधीच सांगितलं होतं.

तुझी,
यशोदाबाई

•

धुळे
१८ नोव्हेंबर १९६८

आदरणीय बाई यांस,

सा. न. पत्र घाईत लिहिते आहे. घरी पाहुणे आहेत.

त्या गिअर शब्दाचे आणखी काही अर्थ आहेत का? असतील तर सगळे लिहा. तो शब्द मुळात कुठून आला तेही लिहा. सहज मनात आलं म्हणून विचारते. उलट टपाली उत्तर मिळालं तर बरं होईल.

आपली,
राजकुंवर

•

जळगाव
२० नोव्हेंबर १९६८

चि. राजकुंवर,

अनेक आशीर्वाद. तुझी चिठ्ठी आली आणि मी सुकदेवभाऊंना स्टुलावर चढवून कपाटावरचा मोठा कोश खाली काढायला लावला. दोन वर्षांची धूळ होती. मागच्या खेपेला गुडघ्याच्या निमित्तानं मी तो काढलाच नव्हता. तुला उत्तर दिलं ते आठवणीतून. ही कबुली आधी देते, कारण पुढचं वाचून तू हसणार आहेस.

हा शब्द यंत्राचा नाहीच मुळी. इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रावर फिरणारे नॉर्स लोक होते, त्यांच्या बोलीतला तो. त्यांच्याकडे 'गेर्वी' म्हणत, आणि त्याच्या मुळाशी 'करणं, तयार करणं' असा अर्थ आहे. म्हणजे एखाद्या कामाला निघताना माणूस जे जे तयार करून बरोबर घेतो, ते गिअर. लढाईला निघाला तर चिलखत आणि ढाल. नुसता बाहेर निघाला तर अंगावरचे कपडे. घोडा जोडायचा तर खोगीर आणि लगाम. कोळ्याचं जाळं, जहाजाचे दोर, घरातली भांडीकुंडी, सगळ्याला हाच शब्द. दातेरी चाक तर कितीतरी शतकांनंतर आलं, आणि आपल्याकडे मोटारीबरोबर तेवढंच पोचलं. सुकदेवभाऊंची मुलगी सांगते की हल्ली विलायतेतली पोरं एखादी गोष्ट झकास असली की तिलाही गिअर म्हणतात. कुठल्याशा मासिकात तिनं वाचलं.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि या शब्दाच्या फक्त शेपटाला धरून बसले होते. काल रात्री जेवण लवकर उरकून मी हेच वाचत होते. मजा आली.

आता तू सांग. नुसता शब्द पाठवू नकोस, वाक्य पाठव. तुझ्या चिठ्ठीत शाईचे दोन डाग आहेत आणि 'सहज' हा शब्द तू खोडून पुन्हा लिहिला आहेस. सातवीत गृहपाठ राहिला की तू असंच लिहायचीस. काय झालं आहे?

तुझी,
यशोदाबाई

•

धुळे
२२ नोव्हेंबर १९६८

आदरणीय बाई यांस,

सा. न. तुमच्यापासून लपवायला नको होतं. सगळं सांगते.

ऑक्टोबरच्या शेवटी बापूजींना मुंबईच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत इंग्रजी पत्र आलं. मिस ऑल्डरिज नावाच्या विलायतेतल्या बाई, वय साठीचं, झाडाफुलांचा अभ्यास करणाऱ्या. दोन विद्यार्थ्यांना घेऊन जीपनं तोरणमाळला जायच्या होत्या. पत्रात वाक्य होतं की आमचं 'गिअर' रेल्वेनं आमच्या आधी धुळ्याला येईल, ते कृपा करून ताब्यात घ्यावं आणि कोरड्या जागी ठेवावं. मी अर्थ सांगितला की जीपचं गिअर येणार आहे. पत्र मोटारच्या दुकानाला आलेलं, त्यामुळे कोणालाच वेगळं वाटलं नाही. बापूजींनी फळीवर जागा करून ठेवली, खाली तेलाचा कागदसुद्धा अंथरला.

बारा तारखेला स्टेशनवरून निरोप आला. आमचा माल आणणारा टांगेवाला लोटन गेला आणि रिकामा परत आला. म्हणाला, तिथे चार ट्रंका आणि दोन मोठी गाठोडी आहेत, चाक एकही नाही. बापूजींनी आत विचारलं की पत्रात ट्रंक म्हटलंय की गिअर. मी गिअर सांगितलं. मग बापूजींनी स्टेशनला लिहून दिलं की हा माल आमचा नाही. माल परत गेला.

सतरा तारखेला दुपारी जीप दारात आली. मिस ऑल्डरिज उतरल्या, सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला, आणि विचारलं की आमचं गिअर कुठे आहे. बापूजींनी मोठ्या अभिमानानं जीपकडे बोट दाखवलं आणि खुणेनं विचारलं की तुटलंय का. त्या हसल्या. त्यांनी स्वतःचा कोट धरून दाखवला, डोक्यावरची टोपी दाखवली, झोपायची खूण केली. बाई, मी दाराच्या फटीतून बघत होते. लोटननं सांगितलेल्या ट्रंका आठवल्या.

बापूजी विचारत होते की ही काय म्हणते. सासूबाई आत स्वयंपाकात होत्या. निरोप न्यायला कोणी नव्हतं. मी ओढणी पुढे ओढली आणि बाहेर आले. म्हणाले, "बापूजी, त्या ट्रंका यांच्याच होत्या. अर्थ मी चुकीचा सांगितला."

लग्नानंतर त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी माझ्याकडे वळली. बापूजी माझ्याकडे न बघता खुर्चीत बसले. एका शब्दाला दोन अर्थ कसे, एवढंच पुटपुटले. तेव्हा लोटन पायरीवरून अहिराणीत म्हणाला, "शेठ, घोडाले घालतस तो बी साज, नवरीले घालतस तो बी साज. बठ्ठा साजच शे." म्हणजे सगळा साजच आहे. कोणी हसलं नाही. पण मला वाटलं की त्याला ते माझ्याआधी कळलं. तुमचं पत्र त्यानंतर आलं आणि त्यात घोड्याचा लगाम वाचून मी चकित झाले.

पाहुण्यांना सासूबाईंनी वरची खोली दिली. मिस ऑल्डरिजचे अंगावरचे कपडे धुळीनं माखलेले होते, म्हणून सासूबाईंनी त्यांना आपला घागरा आणि ओढणी दिली. त्या उंच आहेत, घागरा पोटऱ्यांपर्यंतच येतो. त्या तशाच गच्चीवर फिरतात आणि कुंडीतल्या तुळशीचंही चित्र काढतात. दोघं विद्यार्थी आमच्या यजमानांचे पायजमे घालून बसले आहेत. कोणी मला एक शब्दही लागेलसा बोललं नाही, त्यानंच जास्त त्रास होतो. ट्रंकांमध्ये फुलं दाबून वाळवायचा कागद आहे, तंबू आहेत, जाळ्या आहेत. आणि दोन वह्या, मागच्या वर्षीच्या सगळ्या कामाच्या. त्याची नक्कल कुठेच नाही. वह्यांचं सांगता सांगता त्यांनी मधेच चहा मागितला.

हे आधी चाळीसगावला जाऊन आले, मग बापूजींनी त्यांना मुंबईला पाठवलं, कारण माल तिथून निघाला होता. काल चाळीसगावहून निरोप आला की नाकारलेला माल भुसावळच्या गोदामात गेला असावा. हे मुंबईत आहेत, बापूजींना ताप आहे. सुकदेवभाऊ भुसावळला जातात असं तुम्ही लिहिलं होतं. त्यांना विचारता येईल का? सोबत रेल्वेची पावती आणि मिस ऑल्डरिजचं सहीचं पत्र ठेवलं आहे. पावतीवर इतकंच आहे: गिअर, नग सहा.

एक गोष्ट. तो अर्थ तुम्ही सांगितला हे मी घरात कोणाला कळू दिलेलं नाही. पुस्तकात पाहिलं असं सांगितलं. तुमचं नाव यात येणार नाही.

आपली,
राजकुंवर

•

जळगाव
२७ नोव्हेंबर १९६८

चि. राजकुंवर,

सामान मिळालं. सहाही नग. आधी हे वाचून घे, घरात सांगून ये, मग पुढचं वाच.

सुकदेवभाऊंना नुसतं विचारायला सांगून माझं समाधान होणार नव्हतं. काल सकाळच्या पॅसेंजरनं मीच त्यांच्याबरोबर भुसावळला गेले. पिशवीत मोठा कोश घेतला होता. सुकदेवभाऊ म्हणाले की बाई, हे ओझं कशाला. मी म्हटलं, लागेल.

लागला नाही. सांगते.

गोदामाच्या कारकुनाचं नाव झुलाल चौधरी. माणूस सरळ, पण कागदावर जे आहे त्याच्या पलीकडे एक पाऊल टाकायला तयार नाही. आणि त्याचं काही चुकतही नव्हतं. ट्रंका समोर भिंतीला लावलेल्या मला दिसत होत्या, हिरव्या रंगाच्या. त्यानं दोन ट्रंका उघडून यादी केलेली होती: कपडे, कागद, जाळी, तंबूचे खुंटे. पावती आणि यादी शेजारी ठेवून तो म्हणाला, "पावतीवर यंत्राचा भाग आहे. ट्रंकेत कपडे आहेत. उद्या कोणी खरा मालक आला तर मी त्याला काय देऊ?"

मी कोश उघडला. नॉर्स लोकांपासून सुरुवात केली. चिलखतापर्यंत पोचले तोवर त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. तो म्हणाला की बाई, तुमचं पुस्तक खरं असेल, पण मला इंग्रजी पुस्तकावर माल सोडता येणार नाही. मागे दोन माणसं खोळंबली होती. मी पुस्तक मिटलं. राजकुंवर, तीस वर्षं ज्या पुस्तकाच्या जोरावर मी वर्गात उभी राहिले, ते त्या टेबलावर नुसतं वजन होऊन पडलं होतं.

मग तुझा लोटन आठवला. मला अहिराणी नीट येत नाही, तरी त्याचं वाक्य जसं तू लिहिलंस तसं म्हटलं. घोडाले घालतस तो बी साज, नवरीले घालतस तो बी साज.

झुलालभाऊंनी चष्मा काढला. "बाई, हाई कोनी सांगं तुमले?" असं त्यांनी विचारलं. ते सोनगीरचे निघाले. त्यांचे वडील किल्ल्याखालच्या वस्तीत घोड्यांचे साज शिवायचे. लग्नसराईत घरात दोन्ही साज शेजारी शेजारी टांगलेले असत, वडिलांनी शिवलेला नवरदेवाच्या घोडीचा आणि आईनं जपायला ठेवून घेतलेला कोणाच्या तरी नवरी मुलीचा. मग त्यांनी तिसरी ट्रंक माझ्यासमोर उघडली. वरच वही होती, आणि वहीवर मिस ऑल्डरिजची सही. तू पाठवलेल्या त्यांच्या पत्रावरच्या सहीशी झुलालभाऊंनी ती लावून पाहिली, आणि यादीवर स्वतःच्या हातानं लिहिलं: गिअर म्हणजे साजसामान, खात्री केली. माल आज धुळ्याकडे निघाला. लोटनला टांगा घेऊन पाठव.

परत येताना आमच्या शाळेतल्या जुन्या उर्दू मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, फारसीत 'साख्तन' म्हणजे करणं, घडवणं, आणि साज त्यातूनच आला. तिकडे उत्तरेच्या समुद्रावर 'तयार करणं' यातून गिअर झाला, इकडे इराणात तसाच साज. मी त्यांच्या ओट्यावर बसून मनापासून हसले. त्यांना वाटलं मला ऊन लागलं.

आता तुझ्या शेवटच्या ओळींबद्दल. माझं नाव येणार नाही, असं तू लिहिलंस. ते मला मान्य नाही. अर्थ मी सांगितला, कोश न काढता सांगितला, आणि शंका घेण्यासारखं काही नाही असंही वर लिहिलं. तू शंका घेतली होतीस, ती मी मोडली. शिक्षकानं याहून वाईट काम करू नये. तुझ्या सासऱ्यांना मी आजच वेगळं पत्र टाकलं आहे आणि त्यात सगळं लिहिलं आहे. तू मधे पडायचं नाहीस.

तुझी,
यशोदाबाई

•

धुळे, आग्रा रोड
३ डिसेंबर १९६८

श्रीमती यशोदाबाई यांचे सेवेशी,

केवलचंद यांचा सादर जय जिनेंद्र. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो आहे, तरी पत्र मुनीमाकडून न लिहविता स्वतः लिहितो आहे. चुका पोटात घालाव्यात.

सामान गुरुवारी संध्याकाळी पोचले. लोटनने दोन खेपा केल्या. पाहुण्या बाईंनी वह्या हातात घेऊन दोन्ही डोळ्यांना लावल्या. आमच्यात ग्रंथाला लावतात तसे. ते त्यांना कोणी शिकविले ते माहीत नाही, बहुधा आमच्या घरातच पाहिले असेल.

आपले पत्र मिळाले. चूक आपली असे आपण लिहिता. सून म्हणते चूक तिची. मी आठ दिवस तापात पडून दोघींचे ऐकले. आता माझे ऐकावे.

बारा तारखेला लोटन स्टेशनवरून आला, तेव्हा त्याने ट्रंकेवरची एक चिठ्ठी मला आणून दिली होती. त्यावर इंग्रजी अक्षरे होती. मी ती आत पाठवायला हवी होती. सुनेने वाचली असती तर पाहुण्या बाईंचे नाव निघाले असते आणि विषय तिथेच संपला असता. उलट सुनेने सासूच्या तोंडी दोनदा निरोप पाठविला की एक दिवस थांबावे, मला खात्री वाटत नाही. तो निरोप मला मिळाला. तारादेवीने तो नीट सांगितला, तिचा काही दोष नाही. मी मनात म्हणालो, एकदा गिअर म्हटले, आता बाईमाणूस घोळ घालते आहे. चिठ्ठी खिशात ठेवली आणि माल नाकारला. दुकानात तीस वर्षे मी मालावरचे लेबल वाचल्याशिवाय डबा उघडलेला नाही. त्या दिवशी वाचून घेतले नाही.

हे सुनेला सामान आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितले. तिला समोर बसवून, सरळ सांगितले. ती म्हणाली, "बापूजी, चिठ्ठी जपून ठेवली असेल तर द्या, पाहुण्यांना परत करते." चिठ्ठी घेऊन ती कामाला लागली. त्यामुळे मला जास्त वाईट वाटले.

आता इंग्रजी पत्रे ती दुकानात, माझ्या टेबलाशी बसून वाचते. मधे कोणी नाही. समाजातले दोघे काही बोलले, त्यांना मी चहा पाजून वाटेला लावले.

पाहुण्या बाईंना तोरणमाळला भिल्ल लोकांशी बोलायला माणूस हवे होते. त्यांनी सुनेला मागितले. सून एकटी कशी जाईल म्हणून तारादेवी बरोबर गेली. वय छप्पन्न, आजवर सोनगीरच्या पुढे गेलेली नाही. जीपमध्ये बसताना तिने स्वतःची भांडी, पीठ, लोणच्याची बरणी, पाणी गाळायचे फडके आणि एक पाटा बरोबर घेतला. विद्यार्थ्यांनी विचारले हे काय. मी सांगितले, हिचे गिअर आहे. सगळे हसले. हा शब्द मला प्रथमच उपयोगी पडला.

घरी मी आणि माझा मुलगा सुरेशचंद स्वयंपाक करतो. तो खाण्यालायक होत नाही.

मूळ विनंती राहिली. सुनेच्या पुढच्या परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, कोठे मिळतो, कोणती पुस्तके लागतात, ते सविस्तर कळवावे. मोठा कोश कोणता घ्यावा तेही कळवावे. तो कपाटावर ठेवला जाणार नाही.

आपला नम्र,
केवलचंद

•

तोरणमाळ
५ डिसेंबर १९६८

आदरणीय बाई यांस,

सा. न. कार्डावर जागा कमी आहे. इथे फार थंडी आहे. तलावावर सकाळी धूर निघावा तसं धुकं असतं. सासूबाई तिन्ही पाहुण्यांना बाजरीची भाकरी थापायला शिकवताहेत. मिस ऑल्डरिजची फाटते, पण त्या ऐकत नाहीत.

इथल्या शेवंताबाई नावाच्या भिल्ल आजी रोज आमच्याबरोबर रानात फिरतात. त्या झाडाचं नाव आणि उपयोग सांगतात. त्यांची बोली मला अर्धीच कळते, अर्ध्यासाठी सासूबाईंना खाणाखुणा कराव्या लागतात. मग मी इंग्रजी करते. दाबलेल्या प्रत्येक फुलाच्या कागदावर खाली चिठ्ठी लावतात. मिस ऑल्डरिजनी ठरवलं की नाव देवनागरीतही लिहायचं, सांगणाऱ्या म्हणून शेवंताबाईंचं नाव घालायचं आणि लिहिणारी म्हणून माझं. हे कागद विलायतेला जाऊन कपाटात राहणार आहेत.

आज सेहेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. एका रोपाला शेवंताबाई दोन नावं सांगत होत्या, एक पाऊस असतानाचं आणि एक नसतानाचं. मिस ऑल्डरिज म्हणाल्या, एकच लिही. मी म्हटलं, दोन्ही लिहू. त्यांनी विचार केला आणि मोठी चिठ्ठी कापून दिली. हात दुखतोय, पण दिवा अजून चालू आहे आणि तीस उरल्या आहेत.

आपली,
राजकुंवर